वाक्यात उपयोग करा : बिब्बा घालणे

“मराठी विभागाला लेख कमी पडताहेत, तू लिही ना!” असं आमच्या मॅगझिनच्या एडिटरताईने मेसच्या रांगेत गाठून सांगितलं, तेव्हा मी आधी मागे वळून पाहिलं. ती दुसऱ्या कुणाशी तरी बोलत असेल असं वाटलं! कारण माझं मराठी कसं आहे हे अख्ख्या गर्ल्स होस्टेलला माहीत आहे. ज्युनिअर केजीपासून दहावीपर्यंत मी नाशिकला कॉन्व्हेंटमध्ये होते. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत माझा अजूनही गोंधळ होतो. भाजीवाल्याला मी सरळ ‘फिफ्टी नाइन’ म्हणून टाकते. पण ताई म्हणाली, “जसं बोलतेस तसं लिही, शुद्धलेखन मी बघते.” म्हणून लिहिते आहे. जे लिहिणार आहे ते इंग्लिशमध्ये लिहिलं असतं तर जिच्याबद्दल आहे तिला कुणी वाचून दाखवलं नसतं, हेही एक कारण आहे.

सुरुवात करते आठवीपासून. मराठीच्या पेपरात प्रश्न होता : ‘वाक्प्रचाराचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा – बिब्बा घालणे.’ अर्थ येत नव्हता. पण मार्क सोडायचे नाहीत हा आमचा जन्मापासूनचा बाणा! मी लिहिलं, ‘आजीने डिंकाच्या लाडवात बिब्बा घातला.’ बाईंनी ते वाक्य वर्गात मोठ्याने वाचलं. सगळा वर्ग हसला. मग बाईंनी सांगितलं की बिब्बा घालणे म्हणजे चांगल्या चाललेल्या कामात विघ्न आणणे. मला शून्य मार्क.

घरी येऊन आजीला सांगितलं तर ती म्हणाली, “अगं, तुझं बरोबरच होतं की! गोडंबी म्हणजे काय असतं? बिब्ब्याच्या आतलं बी. ते लाडवात घालतातच.” आजीचं माहेर शिरपूरकडचं, सातपुड्याच्या पायथ्याचं. बिब्बा फोडून गोडंबी काढणाऱ्या बाया तिने लहानपणी पाहिलेल्या. टरफलातलं काळं तेल उडालं की कातडी भाजल्यासारखी होते, म्हणून त्या हाताला राख चोळून बसायच्या. तेव्हा मी ते अर्ध्या कानाने ऐकलं आणि विसरून गेले. या वर्षी ते सगळं परत आठवलं. का ते सांगते.

मी केमिकलला आहे, थर्ड इयर. आमच्या टेक-फेस्टला दरवर्षी ‘स्टुडंट प्रॉडक्ट’ नावाची स्पर्धा असते. आम्ही चार मुलींनी ठरवलं की भांडी घासायचं लिक्विड बनवायचं. सोपं, स्वस्त आणि गिऱ्हाईक हक्काचं, कारण होस्टेलच्या मेसमध्ये दिवसाला दोनशे ताटं घासली जातात. फॉर्म्युला काही रॉकेट सायन्स नाही. अ‍ॅसिड स्लरी घ्यायची, कॉस्टिक टाकून न्यूट्रल करायची, एसएलईएस घालायचं, मिठाने घट्ट करायचं, मग पिवळा रंग आणि लिंबाचा वास. पहिली बॅच ऑक्टोबरमध्ये केली. धुळ्याची ऑक्टोबर हीट तुम्हाला माहीतच आहे! आठ दिवसांत लिक्विड पातळ झालं आणि लिंबाच्या वासाऐवजी नाकाला रुमाल लावायची वेळ आली. बॅक्टेरिया! म्हणजे प्रिझर्व्हेटिव्ह हवं.

नेटवर शोधलं. बहुतेक ठिकाणी एकच जोडी सांगितलेली : मिथाइलक्लोरोआयसोथायाझोलिनोन आणि मिथाइलआयसोथायाझोलिनोन. (एका श्वासात म्हणून दाखवणाऱ्याला माझ्याकडून चहा!) आम्ही तिला ‘जोडी’च म्हणायचो. प्रमाण सापडलं, एका लिटरला एक मिली. एका व्यापाऱ्याकडून छोटी बाटली मागवली. त्याने बाटलीबरोबर व्हॉट्सअ‍ॅपवर एक पीडीएफ पाठवली, ती कुणीही उघडली नाही. एका लिटरला एक मिली टाकलं आणि काय आश्चर्य, महिना झाला तरी लिक्विड जसंच्या तसं! आम्ही खूश.

रिपोर्टमध्ये ‘सेफ्टी टेस्ट’ असा एक कॉलम होता. आम्ही चौघींनी एका रात्री मनगटाला लिक्विड चोळलं, झोपलो, सकाळी धुतलं. काही झालं नाही. रिपोर्टमध्ये ऐटीत लिहिलं, ‘त्वचेला सुरक्षित. अ‍ॅलर्जी होत नाही.’ इतकंच नाही, आमच्या ग्रुपमधली एक छान चित्रं काढते. तिने लेबलवर उड्या मारणारा पांढरा ससा काढला आणि खाली लिहिलं, ‘प्राण्यांवर चाचणी केलेली नाही.’ जजेसना ससा फार आवडला. आम्हाला दुसरं बक्षीस मिळालं, दोन हजार रुपये!

आता मावशींबद्दल. आमच्या मेसमध्ये भांड्यांचं काम बघणाऱ्या मावशी साक्रीकडच्या. होस्टेलच्या मुलींना त्यांचं नाव सांगायची गरज नाही आणि बाकीच्यांना कळून उपयोग नाही, म्हणून नाव लिहीत नाही. ताप आला की न सांगता आल्याचा चहा आणून देणाऱ्या, पेपरच्या दिवशी “दही खाई जाय व माय” म्हणून मागे लागणाऱ्या. फेस्ट संपल्यावर आम्ही पाच लिटरचा कॅन त्यांना नेऊन दिला. दोन दिवसांनी भेटल्या तेव्हा म्हणाल्या, “तुमना साबण भारी शे व माय! वास बी मस्त शे.” बक्षिसापेक्षा मला तो शेरा मोठा वाटला होता. खोटं कशाला सांगू?

तिसऱ्या आठवड्यात मावशींच्या बोटांच्या बेचक्यात खाज सुटली. मग बारीक पुरळ, मग फोड, मग कातडीला भेगा आणि त्यातून पाणी. आम्ही म्हटलं मिरच्या चिरल्या असतील, चुना लागला असेल, थंडीने हात फुटले असतील. आमच्या साबणाचा संशय कुणाच्या डोक्यातही आला नाही. आम्ही ‘टेस्ट’ केली होती ना! मावशींनी खोबरेल लावलं, हळद लावली. शेवटी बारा दिवस रजा घेतली, बिनपगारी. हात सुकले. कामावर परत आल्या, तोच कॅन, तोच साबण. आणि दुसऱ्याच दिवशी हात आधीपेक्षा जास्त सुजले. पहिल्या वेळी तीन आठवडे लागले होते, या वेळी एक दिवस!

मी “काय झालं मावशी?” विचारलं तर हात पदराखाली घेत म्हणाल्या, “काही नही व बेटा, व्हई जाई बरं.”

त्या रात्री मला झोप आली नाही. त्या ‘दुसऱ्याच दिवशी’चा हिशोब लागत नव्हता. उठून ती पीडीएफ उघडली. सेफ्टी डेटा शीट. दुसऱ्याच सेक्शनमध्ये चौकोनात एक मोठं उद्गारचिन्ह आणि शेजारी ‘एच ३१७’. म्हणजे, त्वचेवर अ‍ॅलर्जी होऊ शकते. मग लॅबमधल्या बाटलीचा फोटो मोठा करून बघितला. त्यावर लिहिलेलं होतं, १४ टक्के. आणि नेटवरचा ‘लिटरला एक मिली’ हा हिशोब होता दीड टक्क्याच्या सोल्युशनचा! दीड टक्का असता तर लिटरला १५ पीपीएम झाले असते. युरोपात अंगाला लावून धुऊन टाकायच्या साबण-शाम्पूसाठी या जोडीची मर्यादा तेवढीच आहे. आमच्या साबणात होते साधारण १४०. नऊ पटींहून जास्त. फर्स्ट इयरला ‘स्ट्रेंग्थ तपासा’ म्हणून सर ओरडायचे तेव्हा आम्ही मागच्या बाकावर हसायचो...

घरी फोन केला. आई म्हणाली, “त्यांना घेऊन इकडे ये.” नाशिकच्या एका स्किनच्या डॉक्टर मॅडमची अपॉइंटमेंट घेतली. मावशी आधी तयारच नव्हत्या. “हातना फोडसाठी नाशिकले कोन जास?” पण शेवटी आल्या. एसटीने मालेगाव, चांदवड करत आम्ही पोचलो. सगळा रस्ता मावशींनी खिडकीच्या दांडीला हात लावला नाही, दोन्ही पंजे मांडीवर उताणे ठेवून बसल्या होत्या. ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

डॉक्टर मॅडमनी मावशींच्या पाठीवर पॅच टेस्टच्या पट्ट्या लावल्या. वेगवेगळ्या पदार्थांचे छोटे छोटे ठिपके असतात, ते ४८ तास तसेच ठेवायचे, पाठ भिजवायची नाही. मग काढून बघायचं आणि दोन दिवसांनी परत बघायचं, कारण अ‍ॅलर्जी उशिरा उमटते. म्हणजे चार दिवस नाशिकला राहणं आलं. मावशी आमच्याच घरी राहिल्या आणि त्यांचं आणि आजीचं असं काही जमलं की विचारू नका. दोघी दिवसभर अहिराणीत! मी दोघींमध्ये बसून अर्धं समजायचे, अर्धं अंदाजाने.

मावशींचे हात बघून आजी एकदम म्हणाली, “हाई तं बिबा उतना सारखं शे.” बिब्बा ‘उतणे’ म्हणजे बिब्ब्याने अंगावर फोड येणे, हा शब्द मला तेव्हा कळला. मग दोघींच्या बिब्ब्याच्या गोष्टी सुरू झाल्या. आजी म्हणाली, “बिबा कोनले उतस, कोनले नही उतस. पन एकदा उतना ना, मंग तो मानूसले वळखस.”

म्हणजे, बिब्बा एकदा उतला की तो त्या माणसाला ओळखतो.

चौथ्या दिवशी मावशींच्या पाठीवर एकच ठिपका लाल होऊन फुगला होता. आमच्या जोडीचा. मॅडमनी मला जे समजावलं ते ऐकताना मला सारखं आजीचं वाक्य आठवत होतं. आजीने अख्खी इम्युनॉलॉजी एका ओळीत सांगितली होती!

मॅडम म्हणाल्या, कॉस्टिकने हात पोळतो ते वेगळं आणि अ‍ॅलर्जी वेगळी. कॉस्टिक सगळ्यांना पोळतं, लगेच पोळतं. अ‍ॅलर्जीचं तसं नसतं. हे केमिकलचे रेणू इतके लहान असतात की एकटे असले तर शरीर त्यांच्याकडे लक्षही देत नाही. पण ते कातडीत शिरून आपल्या प्रोटीनला घट्ट चिकटले की ते प्रोटीन शरीराला परकं वाटायला लागतं. कातडीतल्या पहारेकरी पेशी ही खबर घेऊन जवळच्या लिम्फ नोडमध्ये जातात. तिथे टी-सेल्स तयार होतात, त्या रेणूची ओळख पटवून घेतात. याला साधारण दहा-पंधरा दिवस किंवा जास्तच लागतात आणि तोपर्यंत बाहेरून काहीच दिसत नाही. पुढच्या वेळी तोच रेणू आला की मात्र एक-दोन दिवसांत फौज हजर. आणि ही ओळख सहसा आयुष्यभर पुसली जात नाही.

म्हणजे आमची एका रात्रीची मनगट-टेस्ट ही टेस्टच नव्हती! पहिल्या भेटीत अ‍ॅलर्जी दिसतच नाही. आम्ही जे मोजत होतो ते मोजता येणारच नव्हतं. आणि पॅच टेस्टमध्ये ही जोडी लावतात ती साधारण १०० ते २०० पीपीएमची, अ‍ॅलर्जी आधीच झालेल्या माणसाची कातडी मुद्दाम बोलती करण्यासाठी, तीही एक थेंब. आम्ही त्याच तोडीचं पाच लिटर दिलं होतं, रोज दोनशे ताटांसाठी, उघड्या हातांनी.

मॅडमनी सांगितलं की त्यांच्याकडे अशी माणसं रोज येतात. गाजरगवताने चेहरा काळवंडलेले शेतकरी, टिकलीच्या गोंदाने कपाळावर पांढरा डाग पडलेल्या बायका, केसांच्या काळ्या डायने डोळे सुजलेले काका. बिब्ब्याचीही एक गोष्ट आहे. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर आणि अंगावर ठरावीक जागी चट्टे उठायला लागले. आपल्याकडचे धोबी कपड्यांवर खूण करायला बिब्ब्याचं तेल वापरायचे. खूण धुऊनही जात नसे आणि तिच्यातलं तेलही! १९४३ मध्ये अमेरिकन डॉक्टरांनी यावर पेपर छापला. बिब्बा, काजू, आंबा आणि अमेरिकेतली ‘पॉइझन आयव्ही’ हे सगळे एकाच कुळातले.

होस्टेलवर परत आल्यावर आम्ही चौघी बसलो. ससा काढणारी मैत्रीण रडायलाच लागली. “मग काय आपण खऱ्या सशावर टेस्ट करायला हवी होती का?” असं तिने विचारलं. प्रश्न खरा होता. म्हणून लायब्ररीत आणि नेटवर आम्ही तो शोधून काढला. (हा अभ्यास आधी केला असता तर!)

तर पूर्वी हे काम खरंच प्राण्यांवर व्हायचं, जास्त करून गिनीपिगवर. १९६९ मध्ये मॅग्नुसन आणि क्लिगमन यांनी आणलेली टेस्ट अशी : गिनीपिगच्या कातडीत केमिकल टोचायचं, काही आठवडे थांबायचं, परत लावायचं आणि कातडी लाल होते का बघायचं. एका केमिकलसाठी कमीत कमी पंधरा प्राणी, निकाल स्पष्ट नसेल तर तीस. २००२ मध्ये उंदरांच्या कानाची टेस्ट आली. तीन दिवस कानाला केमिकल लावायचं, नंतर कानाजवळचे लिम्फ नोड काढून आत किती पेशी वाढल्या ते मोजायचं. प्राणी कमी लागतात, पण मारावे लागतातच. २०१३ मध्ये युरोपने प्राण्यांवर तपासलेल्या कॉस्मेटिक्सच्या विक्रीवर बंदी पूर्ण केली. आपल्याकडे मे २०१४ मध्ये कॉस्मेटिक्ससाठी प्राण्यांवर चाचणी करायला बंदी आली आणि त्याच वर्षी अशा मालाच्या आयातीवरही. मात्र हा नियम कॉस्मेटिक्सचा. भांड्यांचा साबण त्यात येत नाही.

मग आता तपासतात कसं? इथे मला, खरं सांगते, थोडा अभिमान वाटला, कारण यात केमिस्ट्री आहे. मॅडमनी सांगितलेली साखळी आठवा : रेणू प्रोटीनला चिकटतो, कातडीच्या पेशी बिथरतात, पहारेकरी पेशी जाग्या होतात, टी-सेल्स वाढतात. शास्त्रज्ञांनी ठरवलं की अख्खा प्राणी कशाला? साखळीची एकेक कडी वेगळी तपासू.

पहिली कडी टेस्ट ट्यूबमध्ये. प्रोटीनचे छोटे तुकडे बनवायचे, एकात सिस्टीन, एकात लायसिन. त्यात केमिकल टाकून २४ तास ठेवायचं आणि मग एचपीएलसीवर बघायचं की किती तुकडे मोकळे उरले. कमी उरले म्हणजे बाकीच्यांना केमिकल चिकटलं. एचपीएलसी! ज्या मशीनवर आपण प्रॅक्टिकलला जर्नलपुरते पीक काढतो, तेच. आमची जोडी सिस्टीनमधल्या गंधकाला सहज चिकटते.

दुसरी कडी कातडीच्या पेशींची. माणसाच्या कातडीच्या पेशी लॅबमध्ये वाढवतात आणि त्यांत काजव्याचा जीन बसवलेला असतो. केमिकलने पेशी बिथरल्या की काजव्याचं ते एन्झाइम तयार होतं आणि पेशी चमकतात. प्रकाश किती ते मशीन मोजतं. तिसरी कडी पहारेकऱ्यांची. त्यासाठी रक्ताच्या पेशींची एक लाइन वापरतात. केमिकल दिल्यावर त्या पेशींच्या अंगावर धोक्याचे दोन मार्कर किती वाढले ते मोजतात. ती लाइन ल्युकेमिया झालेल्या एका वर्षाच्या जपानी बाळाच्या रक्तातून तयार झाली, १९८० मध्ये. ते वाचून आम्ही चौघी जरा वेळ गप्प झालो. ‘प्राण्यांशिवाय’ म्हणजे कुणाशिवायच असं नाही. कुणीतरी, कुठेतरी, काहीतरी दिलेलंच असतं.

२०२१ मध्ये ओईसीडीने नियमच केला : या तिन्हींपैकी दोन टेस्टचा कौल जुळला की तो निकाल धरायचा. माणसांवरच्या माहितीशी ताडून पाहिलं तर हे उंदरांच्या टेस्टपेक्षा कमी पडत नाही. अडचणी आहेतच. हवेत किंवा कातडीत गेल्यावरच बदलून घातक होणारी केमिकल्स टेस्ट ट्यूबमध्ये निसटू शकतात. केसांच्या डायमधलं पीपीडी हे हवेत बदलणाऱ्यांपैकी आहे. बिब्ब्याच्या तेलासारखे तेलकट पदार्थ पाण्यात विरघळत नाहीत, मग पेशींपर्यंत पोचणार कसे? आणि या टेस्ट एकेका केमिकलसाठी बनवलेल्या, तर आमच्या साबणात सात-आठ गोष्टी.

पण हे सगळं वाचताना खरा धक्का वेगळाच बसला. आमची जोडी तपासायची राहिलीच नव्हती! ती गिनीपिगवर तपासून झाली होती. १९८० च्या दशकात युरोपातल्या माणसांच्या हातांवर, चेहऱ्यांवर पुरळ उठून झालं होतं. जोडीतल्या एकीला अमेरिकन डॉक्टरांच्या सोसायटीने २०१३ मध्ये ‘अ‍ॅलर्जन ऑफ द इयर’ म्हणून निवडलं होतं. २०१७ पासून युरोपात न धुता अंगावर राहणाऱ्या क्रीममध्ये तिला बंदी आहे. हे सगळं एका पीडीएफमध्ये, ‘एच ३१७’ या चार अक्षरांत येऊन माझ्या फोनमध्ये पडलं होतं. गिनीपिगांनी, त्या अनोळखी माणसांनी किंमत मोजून जे शोधलं ते आम्ही वाचलं नाही. आणि न वाचलेली टेस्ट परत होतेच, फक्त दुसऱ्या कुणावर तरी. लेबलवर ससा काढून आम्ही लिहिलं होतं, ‘प्राण्यांवर चाचणी केलेली नाही.’ खरं होतं. ती आम्ही मावशींवर केली.

उरलेला कॅन आम्ही लॅबमध्ये परत नेला. रिपोर्टमधली ती ओळ खोडली आणि सरांना जाऊन सगळं सांगितलं. सर रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. ते एवढंच म्हणाले, “आता पुढच्या बॅचच्या मुलांना तुम्हीच सांगायचं.” म्हणून यंदाच्या स्पर्धेत सेफ्टी कॉलमच्या जागी एक नवा कॉलम आला आहे : ‘प्रत्येक केमिकलची सेफ्टी शीट कुणी वाचली? सही.’

मावशींना सांगणं सगळ्यात अवघड गेलं. पीपीएम अहिराणीत कसं सांगायचं? मी एवढंच म्हटलं, “मावशी, साबणात औषध नऊ पट जास्त पडलं. चूक आमची होती. आता ते औषध ज्यात असेल ते तुम्हाला कधीच चालणार नाही. शाम्पू, हॅण्डवॉश, घराचा रंगसुद्धा.” बक्षिसाचे दोन हजार आणि आमच्या चौघींचे मिळून बारा दिवसांचा पगार पाकिटात घालून दिला. त्यांनी पाकीट लगेच घेतलं नाही. मग घेतलं आणि म्हणाल्या, “पगार मना शे, तो लेस. बाकीना तुमनाकडे ठेवा.” आणि बक्षिसाच्या नोटा मोजून परत दिल्या. त्या ‘काही हरकत नाही’ म्हणाल्या नाहीत. म्हणायला हवं होतं असंही मला वाटत नाही.

आता मावशी चपात्यांच्या बाजूला आहेत, पाण्याचं काम त्यांच्याकडे नाही. हात बरे आहेत. मी एका कार्डावर त्या दोन लांबलचक नावांची इंग्लिश स्पेलिंग मोठ्या अक्षरांत लिहून लॅमिनेट करून दिली. ते कार्ड त्यांच्या बटव्यात असतं. पाचवीतली नात दुकानात बाटलीमागची बारीक अक्षरं कार्डाशी जुळवून बघते. परवा मावशी सांगत होत्या की पोरीने दोन शाम्पू परत ठेवायला लावले. माझ्या बी.ई.च्या चार वर्षांतलं सगळ्यात उपयोगी सबमिशन बहुतेक तेच कार्ड असेल.

शनिवारी रिक्षांना आणि दुकानांना लिंबू-मिरची आणि बिब्बा टांगलेला दिसतो ना, त्याच्याकडे मी आता वेगळ्या नजरेने बघते. दृष्ट लागते की नाही ते माहीत नाही. पण ‘इथे जपून’ असं सांगायला लोकांनी नेमका बिब्बाच निवडला, यात काहीतरी अक्कल आहे. आमच्या बाटलीवरही तसा एक बिब्बा टांगलेला होता, चौकोनातलं उद्गारचिन्ह. मित्रमैत्रिणींनो, लॅबमधून काहीही बनवून मेसच्या मावशींना, वॉचमनकाकांना, घरी आईला द्याल तेव्हा आधी ते चिन्ह शोधा. सापडलं तर थांबा आणि पीडीएफ उघडा. दहा मिनिटं लागतात.

आणि आठवीच्या बाईंना, त्यांच्यापर्यंत हा अंक पोचला तर, माझं उत्तर नव्याने देते.

बिब्बा घालणे – चांगल्या चाललेल्या कामात विघ्न आणणे.

वाक्यात उपयोग : आम्ही चौघींनी मावशींच्या कामात बिब्बा घातला.